आईचं पडणं आणि माझ्या टेबलाकडे जाणारी वायर

गेल्या मे महिन्यात माझी आई घरात पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. वय ७६. बाथरूममध्ये घसरली नाही, जिन्यावरून पडली नाही. माझ्या कामाच्या टेबलाकडे जाणाऱ्या एक्स्टेन्शन बोर्डच्या वायरीत तिचा पाय अडकला.

मी हाडांचा डॉक्टर आहे. खुब्याचं फ्रॅक्चर झालेले आजी-आजोबा आमच्याकडे नेहमीच येतात, आणि त्यांच्या मुलांना मी गेली वीस वर्षं एकच भाषण देतो. बाथरूममध्ये धरायला दांडी लावा, रात्री छोटा दिवा चालू ठेवा, पायपुसणं घसरणारं नको, सैल चपला नकोत. या भाषणात वायर हा शब्द कधी आला नव्हता. आता येतो. पण ओपीडीतल्या पाच मिनिटांत सगळं सांगून होत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. यात वायरी आवरायला बाजारात काय मिळतं, त्यातलं काय घ्यावं आणि काय घेऊ नये तेही आहे, कारण त्यातही मी आधी चुका केल्या.

हे टेबल कसं आलं ते सांगतो. तुमच्याकडेही ते बहुधा असंच आलं असेल. २५ मार्च २०२० ला देशभर लॉकडाउन सुरू झाला आणि त्याच दिवशी केंद्र सरकारनं टेलिमेडिसिनच्या मार्गदर्शक सूचना जाहीर केल्या. डॉक्टरांना व्हिडिओवर पेशंट बघायची रीतसर मुभा मिळाली. मीही घरून पेशंट बघायला लागलो. तेव्हा आपल्या शहरात सिडकोतल्या घराघरांत पुण्याहून परतलेली मुलं-मुली लॅपटॉप उघडून बसली होती. आपली घरं या कामासाठी बांधलेलीच नाहीत. हॉलमध्ये टीव्हीजवळ एक पॉइंट, दाराशेजारी एक, झालं. आमच्याकडे खिडकीपाशी उजेड चांगला आणि नेटवर्कही तिथेच चांगलं, म्हणून टेबल खिडकीपाशी. पॉइंट समोरच्या भिंतीवर. आणि या दोघांच्या मधून आईची खोलीतून स्वयंपाकघराकडे जायची वाट. मी पाच मीटर वायरीचा एक पांढरा बोर्ड आणला आणि वायर फरशीवरून ओढून टेबलापर्यंत नेली. तात्पुरती. लॉकडाउन संपला, शहराचं नावसुद्धा बदललं, वायर तिथेच.

आईनं सांगितलं नव्हतं असं नाही. "अरे, ती वायर उचल ना एकदाची. कोणीतरी पडंल." मी रविवारी करतो म्हणायचो. असे किती रविवार गेले ते मोजण्यात अर्थ नाही.

एवढ्याशा वायरीत पाय अडकतोच कसा?

हा प्रश्न मला आईच्या भेटीला आलेल्या जवळजवळ प्रत्येकानं विचारला. बोटाएवढीसुद्धा जाड नसलेली वायर, त्यात धडधाकट बाई पडते कशी?

आपण चालताना पाय किती उचलतो याची आपल्याला कल्पना नसते. पाय पुढे टाकताना एका क्षणी पायाचा अंगठा फरशीच्या सगळ्यात जवळून जातो, आणि त्या वेळी अंगठा आणि फरशी यांच्यामध्ये जेमतेम एक ते दीड सेंटिमीटर अंतर असतं. तरुण माणसाचंही एवढंच. आता एखादी वायर बघा. ती फरशीला चिकटून पडलेली नसते. गुंडाळून ठेवल्यामुळे तिला वळ पडलेला असतो, त्यामुळे मध्येच कुठेतरी ती कमान करून उठते. ती कमान दोन सेंटिमीटरची असली तरी पुरते.

तरुण माणसाचा पाय अडकला तर तो दुसरा पाय झटकन पुढे टाकून सावरतो, आणि पुढच्या मिनिटाला विसरूनही जातो. वयानं ही झटकन होणारी गोष्ट हळू होते. पायाचा पंजा वर उचलणारे स्नायू कमजोर होतात, म्हणून पाऊल घासत पडतं. बरीच वर्षं मधुमेह असेल तर तळपायाला वायर लागल्याचं कळतच नाही. शिवाय चष्मा. एकाच चष्म्यात लांबचा आणि जवळचा नंबर असेल, तर खाली बघताना नजर जवळच्या नंबरच्या भागातून जाते आणि पायाजवळची फरशी धूसर दिसते. आईचा चष्मा तसाच आहे. आमची फरशी पांढरी आणि वायरही पांढरी, दिसायला बरी म्हणून मी मुद्दाम निवडलेली. शहाबादी फरशीवर काळी वायर टाकली तर हाच प्रकार होतो.

पहाटे साडेपाचला कूलरमध्ये पाणी उरलंय का ते बघायला आई उठली. पाय अडकला, ती डाव्या कुशीवर पडली. समोर तोंडावर पडणारा माणूस हात टेकवतो आणि मनगट मोडून घेतो. कुशीवर पडलेल्याचा सगळा भार खुब्यावर येतो, आणि हाडं ठिसूळ झालेल्या वयात ते हाड तो भार पेलत नाही.

मी खोलीतून बाहेर आलो तेव्हा तिचा डावा पाय उजव्यापेक्षा किंचित आखूड दिसत होता आणि पाऊल बाहेरच्या बाजूला वळलेलं होतं. एक्स-रेची गरज नव्हती. हे चित्र तुम्हीही लक्षात ठेवा. म्हातारं माणूस पडलं, पाय आखूड दिसतोय, बाहेर वळलाय, उचलता येत नाही, तर त्याला उभं करून चालवून बघू नका, तेल चोळू नका, पाय ओढू नका. आडवंच ठेवा, १०८ ला फोन करा आणि ऑर्थोपेडिक सर्जन असलेल्या हॉस्पिटलात न्या. कधी कधी हाड मोडूनही जागेवर अडकून बसतं आणि पेशंट लंगडत का होईना चालतो. त्यामुळे पडल्यावर जांघेत दुखतंय एवढंही एक्स-रे काढायला पुरेसं कारण आहे.

ऑपरेशन माझ्या मित्रानं केलं, दुसऱ्या दिवशी सकाळी. एक-दोन दिवसांत ऑपरेशन व्हावं यासाठी आम्ही डॉक्टर घाई करतो, ती पैशासाठी असते असा बऱ्याच लोकांचा समज असतो. तसं नाही. ऑपरेशन लांबलं की माणूस पलंगावर पडून राहतो, मग छातीत कफ साठून न्यूमोनिया होतो, पाठीला जखमा होतात, लघवीत जंतुसंसर्ग होतो, पायाच्या शिरांमध्ये रक्ताची गाठ होते. म्हातारी माणसं हाड मोडून मरत नाहीत, पडून राहिल्यानं मरतात. खुब्याचं हाड मोडलेल्या वृद्धांपैकी साधारण चार-पाचांत एक वर्षभराच्या आत दगावतो, असं जगभरातल्या अभ्यासांमध्ये दिसलंय. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दर वर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसं पडून मरतात. अपघाती मृत्यूंमध्ये रस्त्यावरच्या अपघातांच्या खालोखाल पडण्याचाच नंबर लागतो. हे आकडे मी भाषणांत सांगत आलोय. त्या सकाळी ऑपरेशन थिएटरच्या बाहेर बाकावर बसून ते पहिल्यांदा मोजले.

अपराधीपणात केलेली खरेदी

आई हॉस्पिटलात असताना मी रात्री मोबाइलवर वायरी आवरायच्या वस्तू शोधल्या आणि दिसेल ते मागवलं. वायरी बांधायच्या प्लास्टिकच्या झिप टाय, भिंतीला चिकटवायच्या क्लिपा, सगळ्या वायरी एकत्र कोंबायची कापडी नळी, एक्स्टेन्शन बोर्ड आत लपवायची पांढरी पेटी, आणि फरशीवरच्या वायरीवर टाकायची रबरी पट्टी. दोन दिवसांत खोका आला. एका रविवारी, तोच तो रविवार, मी सगळं बसवलं. फार सुंदर दिसत होतं.

चिकटवायच्या क्लिपा आठवड्यात पडल्या. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो. भिंतीवर डिस्टेंपर, त्यावर थोडी धूळ असतेच. गोंद तापून सैल होतो आणि रंगाचा पापुद्रा घेऊन खाली येतो. लाकडी किंवा लॅमिनेटच्या टेबलाच्या पाठीवर त्याच क्लिपा अजून टिकून आहेत, आधी ती जागा नीट पुसून कोरडी केली होती म्हणून. तेव्हा चिकटवायचं असेल तर टेबलाला चिकटवा. भिंतीला गिट्टी ठोकून स्क्रूच लागतो.

पेटीचा अनुभव जास्त वाईट. बोर्ड, लॅपटॉपचा अडॅप्टर, मॉनिटरचा अडॅप्टर, राउटरचा अडॅप्टर असं सगळं आत टाकून झाकण लावलं. दोन तासांनी प्लास्टिक तापल्याचा वास आला. अडॅप्टर विजेचा दाब कमी करताना गरम होणारच, त्याला हवा लागते. पेटी घ्यायचीच असेल तर तिच्यात फक्त बोर्ड आणि पिना ठेवाव्यात, अडॅप्टर बाहेर. आणि पेटी मोठी हवी, बाजूंना जाळी किंवा फटी असलेली. माझं मत विचाराल तर घेऊच नका.

झिप टाय स्वस्त आणि मजबूत, पण एकदा ओढली की सुटत नाही. चार्जर बदलायची वेळ आली तेव्हा मी कात्रीनं ती कापायला गेलो आणि शेजारच्या माउसच्या वायरीचं आवरण कापलं. माउसची वायर होती म्हणून हसण्यावारी गेलं. आणखी एक गोष्ट दुकानदार सांगणार नाही, ती सर्जन म्हणून सांगतो. झिप टायचं जादा शेपूट कापलं की तिथे ब्लेडसारखी धार राहते. साठी-सत्तरीनंतर कातडी कागदासारखी पातळ होते, त्यात रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर असा ओरखडा तासभर वाहतो. झिप टाय वापरलीत तर शेपूट अगदी मुळाशी कापा आणि धारेची बाजू भिंतीकडे वळवा.

रबरी पट्टी ऑफिसांमध्ये, हॉलांमध्ये वापरतात, तिथे ती योग्यच आहे. पण पाय घासत चालणाऱ्या माणसाच्या घरात ती म्हणजे नवा उंबरठा. वॉकर घेऊन चालणाऱ्याला तर जास्तच त्रास. आई घरी यायच्या आदल्या दिवशी मी वॉकर घेऊन स्वतः त्यावरून चालून बघितलं आणि पट्टी उचलून टाकली. मग एक क्षण मनात आलं, वायरीवरून सतरंजी टाकावी. हे तुम्ही कधीही करू नका. सतरंजीखालच्या वायरीची उष्णता बाहेर जात नाही, वर माणसं चालून आतल्या तारा तुटत जातात, आणि उंचवटा मात्र तसाच राहतो, वर सतरंजीची कड आणखी एक.

शेवटी ओळखीच्या वायरमनला बोलावलं. गुलमंडीपासून सिडकोपर्यंत निम्म्या शहराच्या वायरिंगवर त्यांचा हात फिरलेला आहे. त्यांनी माझा तो सजवलेला कोपरा बघितला आणि म्हणाले, "डॉक्टरसाब, वायरी लपवायचं नंतर बघू. आधी कमी करू."

तिथून पुढे काम दोन तासांत झालं. समोरच्या भिंतीवरच्या पॉइंटपासून दाराच्या चौकटीवरून फिरवून त्यांनी प्लास्टिकच्या केसिंग पट्टीतून नवी वायर खिडकीपर्यंत आणली. ही पट्टी इलेक्ट्रिकच्या कुठल्याही दुकानात मिळते, दोन भागांची असते, खालचा भाग स्क्रूनं भिंतीला आणि वरचं झाकण दाबून बसतं. भिंत न फोडता होणारं काम आहे. टेबलाच्या बाजूलाच नवा पॉइंट आला. फरशीवरून जाणारी वायर हा विषयच संपला.

मग टेबलाच्या खालच्या बाजूला लोखंडी जाळीचा ट्रे स्क्रूनं बसवला. त्यात चार पिनांचा बोर्ड आणि अडॅप्टर. जाळीमुळे हवा लागते. फरशीपासून उंच असल्यामुळे फरशी पुसताना पाणी लागत नाही आणि उंदरांनाही सहज पोचता येत नाही. वायरी एकत्र ठेवायला वेल्क्रोच्या पट्ट्या, ज्या हवं तेव्हा उघडतात. त्या सैल बांधायच्या. वायर फार ताणली किंवा काटकोनात मोडली की आतली तार पिनेजवळ तुटते. राउटर भिंतीवर टांगला. मी मागवलेल्यापैकी वेल्क्रो आणि टेबलाला लावलेल्या क्लिपा एवढंच कामी आलं. कापडी नळी चांगली वस्तू आहे, पण ती जमिनीवर लोंबणाऱ्या वायरींसाठी. लोंबणारं काही उरलंच नाही.

म्हणून तुम्ही खरेदीला सुरुवात करणार असाल तर आधी काही विकत घेऊ नका. टेबल पॉइंटजवळ सरकवता येतंय का बघा. येत नसेल तर पॉइंट टेबलाजवळ आणा. वायरमनची मजुरी आणि पट्टी धरूनही तो खर्च कुठल्याही फ्रॅक्चरच्या ऑपरेशनपुढे काहीच नाही. मग ज्या वायरींचं दुसरं टोक कशालाच जोडलेलं नाही त्या काढा. माझ्या टेबलाखाली अशा तीन निघाल्या. एक तर जुन्या फोनच्या चार्जरची होती, तो फोन घरात नव्हताच.

बोर्ड विकत घेताना

वायर पायात येणं हा एक धोका. दुसरा विजेचा. बोर्ड घेताना आयएसआयचा शिक्का बघा. पिना आणि सॉकेटसाठीचं भारतीय मानक आयएस १२९३ आहे, तो आकडा वस्तूवर छापलेला असतो. पण शिक्क्याइतकंच आत काय आहे हे महत्त्वाचं. बाजारात असे स्वस्त बोर्ड आहेत ज्यांच्या तोंडाला तीन भोकं असतात आणि वायरीत मात्र दोनच तारा. वरचं मोठं भोक म्हणजे अर्थिंगचं, ते आतून कशालाच जोडलेलं नसतं. तुम्ही थ्री-पिन लावता आणि समजता की सुरक्षित आहोत. वायरमनला एकदा बोर्ड उघडून दाखवायला सांगा. तीन तारा दिसल्या पाहिजेत.

आता भाराचं गणित. आपल्याकडे घरात २३० व्होल्ट वीज येते. साध्या बारीक पिनेचा बोर्ड ६ अँपिअरचा असतो. २३० गुणिले ६ म्हणजे १३८० वॅट, एवढीच त्याची ताकद. लॅपटॉप साधारण ६५ वॅट, मॉनिटर ३०, राउटर १०. म्हणजे घरच्या ऑफिसचा भार दीडशेच्या आतच. मग बोर्ड जळतात कशानं? त्याच बोर्डात कोणीतरी चहाची १५०० वॅटची केटली लावतो किंवा इस्त्री लावतो म्हणून. आणि एका बोर्डात दुसरा बोर्ड लावला जातो म्हणून. कामाचा बोर्ड कामालाच ठेवा. इस्त्री, केटली, गीझर हे भिंतीवरच्या १६ अँपिअरच्या जाड पिनेच्या पॉइंटवर. लांब वायर उरली म्हणून तिचं घट्ट वेटोळं करून ठेवू नका, वेटोळ्यात उष्णता कोंडते. हवी तेवढ्याच लांबीची वायर घ्या.

बरेच पेशंट मला सांगतात, आमच्याकडे एमसीबी आहे, शॉक लागला तर बंद होईल. हा गैरसमज दूर करायलाच हवा. एमसीबी वायरीला वाचवतो, माणसाला नाही. ६ अँपिअरचा एमसीबी ६ अँपिअरच्या वर गेल्यावरच पडतो, म्हणजे ६००० मिलिअँपिअर. माणसाला १ मिलिअँपिअरला मुंग्या येतात, दहा-पंधराला हाताचे स्नायू आखडून पकड सुटत नाही, आणि शंभरच्या आसपास हृदयाचे ठोके थांबण्यासारखी गडबड होऊ शकते. माणसाला वाचवणारा स्विच वेगळा असतो, आरसीसीबी. काही वायरमन त्याला ईएलसीबी म्हणतात. तो घरासाठी ३० मिलिअँपिअरचा घ्यायचा. वीज अंगातून जमिनीत जायला लागली की तो क्षणार्धात पुरवठा तोडतो. त्याच्यावर एक छोटं बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबून तो पडतो का बघा. आमच्या घरात तो नव्हता. आता आहे.

कोरडी कातडी विजेला बरीच अडवते, ओली कातडी फारशी अडवत नाही. म्हणून घरात सगळ्यात जास्त धोका कोणाला, तर ओल्या हातानं, अनवाणी, टेबलाखाली वाकून फरशी पुसणाऱ्या मावशींना. बोर्ड जमिनीवर असेल तर तो उचलून बाजूला ठेवायचं कामही त्याच करतात. बोर्ड उंचावर टांगण्याचं हे एक कारण पुरेसं आहे.

आणि कूलर. मराठवाड्यात उन्हाळ्यात कूलरच्या शॉकनं माणसं दगावल्याची बातमी वाचली नाही असं वर्ष मला आठवत नाही. पत्र्याचा कूलर, आत पाण्याचा पंप, अर्थिंगची पिन तुटलेली किंवा मुद्दाम कापलेली, आणि पाइपनं पाणी भरताना चालूच ठेवलेला. कामाच्या टेबलाचा बोर्ड आणि कूलर यांचा एकमेकांशी संबंध येऊ देऊ नका. कूलरला भिंतीवरचा थ्री-पिन पॉइंट, चालू अर्थिंग, आणि पाणी भरायच्या आधी नुसता स्विच बंद नाही, पिनच काढायची.

शॉक लागलेल्या माणसाला हात लावायच्या आधी मेन स्विच बंद करा. बंद करता येत नसेल तर कोरड्या लाकडानं त्याला वायरीपासून दूर ढकला. श्वास चालत नसेल तर छातीच्या मध्यावर जोरात आणि भराभर दाब द्यायला सुरुवात करा आणि दुसऱ्याला १०८ लावायला सांगा. बेशुद्धी आली, छातीत धडधडलं, भाजलं किंवा बाई गरोदर असेल, तर बरं वाटत असलं तरी ईसीजी काढायलाच हवा. माझ्या विषयातलं एक सांगतो, जे बऱ्याचदा निसटतं. शॉकनं स्नायू इतके जोरात आखडतात की खांदा मागच्या बाजूला निखळतो. समोरून काढलेल्या एक्स-रेत तो जवळजवळ नॉर्मल दिसू शकतो. शॉकनंतर खांदा दुखत असेल आणि हात बाहेरच्या बाजूला फिरवता येत नसेल, तर बाजूनं दुसरा एक्स-रे काढायला सांगा.

घरात रांगतं मूल असेल तर टेबलाखाली लोंबणारी प्रत्येक वायर ते तोंडात घालणार हे धरूनच चाला. वायर चावल्यानं ओठाचा कोपरा भाजतो, जखम छोटी आणि पांढुरकी दिसते, मूल तासाभरात खेळायलाही लागतं. पण पाच दिवसांपासून दोन आठवड्यांपर्यंत कधीही ती खपली पडून ओठाच्या धमनीतून जोरात रक्त येऊ शकतं. म्हणून असं मूल त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा. आणि चार्जर सॉकेटमध्ये चालू ठेवून दुसरं टोक मोकळं सोडू नका.

वायर कुठे संपते तिथेच माणूस बसतो, हेही मला या सगळ्यात उशिरा कळलं. मान आणि पाठ दुखते म्हणून येणाऱ्या तरुण पेशंटला मी विचारायचो, टेबल-खुर्चीवर काम करता का? "नाही सर, दिवाणावर." का? आता पुढचा प्रश्न विचारतो तेव्हा उत्तर ठरलेलं असतं, चार्जर तिथपर्यंतच पोचतो. मीच त्यांना सांगत आलोय, लॅपटॉप डोळ्यांच्या उंचीला आणा, वेगळा कीबोर्ड आणि माउस घ्या. म्हणजे मीच घराघरांत चार वायरी वाढवल्या. आता त्या सल्ल्यासोबत पॉइंट कुठे आहे तेही विचारतो, आणि जमत असेल तर कीबोर्ड-माउस बिनवायरीचे घ्यायला सांगतो.

आई आता काठी घेऊन चालते, देवळापर्यंत जाते, चढ मात्र टाळते. माझ्या टेबलाखाली ती कधी कधी काठीनं चाचपून बघते, मी काही बोलत नाही. परवा रात्री तिच्या खोलीत गेलो तर तिचा मोबाइल पलंगाच्या उशाशी चार्जिंगला लावलेला, आणि त्याची वायर पलंगापासून दाराशेजारच्या पॉइंटपर्यंत कमरेच्या उंचीवर ताणलेली. वायरमनला शनिवारी बोलावलंय. तोपर्यंत तिचा फोन स्वयंपाकघरात चार्ज होतोय.